तीन प्रती
ताईच्या पत्राला मी कधी उत्तरच दिलं नव्हतं. "आईवर लिहितोयस ते पाठव. डोळ्यांना दिसतंय तोवर वाचू दे," एवढंच तिनं मागितलं होतं. लिहून केव्हाच झालं होतं, पण पाठवण्याजोगं वाटेना. रोज एक वाक्य खोडायचो आणि पाठवणं उद्यावर ढकलायचो. आज ते सगळं जिच्यात होतं ती संगणकाला जोडायची हार्ड डिस्क सुरूच होईना. पिशवीत घालून दुरुस्तीवाल्या बाईंकडे नेली. त्यांनी वायर जोडून डिस्क कानाशी धरली. आत नुसतीच टकटक. "काका, ही गेली. यातून आता काही निघायचं नाही. दुसरी प्रत असेलच ना?" "तीन आहेत," मी घाईनं म्हणालो. "तीन वेगळ्या फोल्डरांत." "कुठल्या डिस्कवर?" "हिच्यावरच." बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तीन किल्ल्या केल्यात, त्याही एकाच जुडग्यात!" मला हसू आलं, आणि मी तिथल्या बाकावर बसलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "काय होतं एवढं?" "आई," मी म्हणालो. "मग आठवेल की तुम्हाला." आठवून पाहिलं. घोटून घोटून लिहिलेलं एकही वाक्य येईना. आली ती आईच, सुईत दोरा ओवताना जिभेचं टोक बाहेर काढणारी. हे कुठल्याच प्रतीत नव्हतं. शेजारच्या टपालघरात कार्ड घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहिलं, "ताई, लिहिलेलं गेलं. रविवारी येतो, तोंडीच सांगतो." पुन्हा वाचलं तर खोडावंसं वाटेल, म्हणून न वाचताच पेटीत टाकलं.