बायला कौल

"कात्री ठेव खाली, देवज्या," सकुबाई मान न वळवता म्हणाली.

देवजीनं कात्री गुमान ट्रेमध्ये ठेवली. मुरबाडच्या या दवाखान्यात अठरा वर्षं कंपाउंडर असलेला हा माणूस पेशंटच्या चपला अदलाबदल करून दारात मजा बघत उभा राहणारा. पण या म्हातारीपुढं त्याचं काही चालत नसे.

पेशंटच्या बाकासमोर डॉक्टरांची काचेची पेटी होती, चार हात लांब. आत खारं पाणी, निळा दिवा, दगडांवर वाढणारी जिवंत प्रवाळं. "भातसा धरणाचं गोडं पाणी मुंबईला जातं, नि मुंबईहून आमाला मिठाची पाकिटं येतात," असं देवजी येईल त्याला सांगायचा. पंपाची खुळखुळ चालू असायची, भिंतीवर उजेड हलत असायचा. दुखणं विसरून माणसं पेंगायला लागायची. आपण तळाशी बसलोय आणि जग वरून तरंगत चाललंय, असं वाटायचं.

मधोमध ती होती. मऊ प्रवाळ, अळंबीच्या आकाराचं, पण सुपाएवढं झालेलं. माथ्यावर शेकडो बोटं, पाण्यात सावकाश डोलणारी. डॉक्टर तिला कसलंसं इंग्रजी नाव घ्यायचे. बाकावरचे तिला बाय म्हणत.

नाव सकुबाईनंच ठेवलेलं. पायाच्या जखमेला पट्टी करायला ती सिद्धगडाच्या पायथ्याहून रोज पहिल्या जीपनं यायची. जीपवाला लखमा तिला हात देऊन पायरीवर सोडायचा. बाकाची कड धरत ती पेटीजवळच्या टोकाला जाऊन बसायची, जाड चष्मा काचेला टेकेपर्यंत वाकायची. मग बाकावर शेजारी बसलेल्या भिमीला विचारायची, "तुला काय दिसतं गो, सांग बगू?"

भिमी घाबरत सांगायची, "उघडलीय वाटतं."

"वाटतं काय? उघडलीच हाय. आज दिस चांगला."

एवढ्यानं सगळ्या बाकाचा चेहरा उजळायचा. कोणी गुपचूप नवसही बोलून घ्यायचं.

पण बाय फार माजली होती. तिच्या सावलीत खालचं जांभळं दगडी प्रवाळ कडेकडेनं पांढरं पडत चाललं होतं. डॉक्टर वैतागले. "देवजी, रविवारी छाटणी झाली नाही, तर सोमवारी ही पेटी कल्याणच्या माणसाला देऊन टाकतो."

देवजीला पेटी जायला नको होती. बायको गेल्यापासून तो रोज सकाळी दवाखाना उघडून एकटाच त्या निळ्या उजेडात चहा प्यायचा. घरी चहा गोड लागत नसे.

"मावशी, रोपं उपटून भाताची आवणी करता ना?" त्यानं समजूत घातली. "तसंच हाय हे. वरचं कापायचं, तुकडं दगडाला बांधायचं. एकीच्या चार बाया होतील."

"आणि कापल्यावर?"

"आठवडाभर मिटून बसंल. मग उघडंल."

"आठवडाभर?" सकुबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "नको रे बाबा. सून मला घरी बसवायला टपलीच हाय. काय बघायला जाता रोज, म्हणते. बायला हात लावशील तर बाक रिकामा करीन तुझा."

ती करू शकली असती, हे देवजीला ठाऊक होतं.

"मग कौल लावू," तो म्हणाला. "बायलाच इचारू."

यावर नाही म्हणणारं माणूस त्या बाकावर नव्हतं. शनिवारी जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्यानं काचेला चिकटवल्या. उजवी आधी पडली तर काप, डावी पडली तर नको. डावीच्या पाठीवरून डिंकाचं बोट आधीच फिरलेलं होतं. देवजीनं डोळे मिटून हात जोडले आणि ओठ चावून हसू दाबलं.

 नुसती खुळखुळ. पेटीत बाय डोलत होती, तिच्याबरोबर बाकही नकळत डोलायला लागला. दोन्ही पाकळ्या लाल, ओल्या, तशाच चिकटून. मग एक अलगद सुटली.

"उजवी! उजवी पडली!" बाक ओरडला.

"दिसली मला," सकुबाई म्हणाली. तिनं पदरानं चष्मा पुसला. "काप."

रविवारी देवजीनं बायला दगडासकट बादलीत काढलं. पाणी पेटीतलंच. धारदार पात्यानं माथा गोल कापला, त्याचे चार तुकडे केले, एकेक लहान दगडावर जाळीखाली बांधला. बाय अंग चोरून मुठीएवढी झाली. बुळबुळीत चीक सुटला. तो पेटीत जाऊ नये म्हणून बादलीतलं पाणी दोनदा बदललं, बुडबुड्यांची नळी सोडली. पेटीत जांभळ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड पडला.

सोमवारी देवजी आतल्या खोलीतून बादली उचलून बाहेर आला, तर सकुबाई आधीच आपल्या टोकाला बसलेली. बाकी बाक अजून रिकामा. त्याला राहवेना.

"मावशी, गंमत सांगू? डाव्या पाकळीला डिंक होता."

"ठाव हाय. वास आला मला." ती खुदकन हसली. "लबाडा! पण बरं केलंस. मी उगाच घाबरले."

ती काचेकडं वाकली. निळा उजेड तिच्या सुरकुत्यांवर हलत होता.

"मिटंल म्हणालास ना? बघ, जरापण रागावली नाय. कशी फुललीय सगळी! मलाच हात करते."

देवजी होता तिथंच थांबला. बाय अजून त्याच्या हातातल्या बादलीत होती.