कमी झूमची दुर्बीण

परदेशात, क्रेगीबर्नजवळच्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात नोकरी करून तेजश्रीला गिऱ्हाइकांचा अगदी वीट आला होता. हरीण झाडीत पन्नास पावलांवर उभं असायचं, पण ज्याला त्याला रायफलवर चंद्रावरचे खड्डे मोजता येतील एवढी मोठी दुर्बीण हवी असायची. त्यामुळे बंदुकीच्या लायसन्सवर प्रणव नावाच्या गिऱ्हाइकाचं मराठी आडनाव वाचून ती मराठीत बोलायला लागली आणि त्याने आपणहून सगळ्यात साधी, कमी झूमची दुर्बीण मागितली, तेव्हा तिला बरं वाटलं.

"इतक्या दिवसांत एक शहाणा भेटला बाई," दुर्बीण पुसत ती म्हणाली. "हलकी आहे, नेम पटकन धरता येतो. अख्ख्या हरणाचं मांस मावतं का पण तुझ्या फ्रीझरमध्ये?"

प्रणवने शेणात पाय पडल्यासारखं तोंड केलं. "शी! काहीतरीच काय! आम्ही प्युअर व्हेज. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. फोटो काढतो आणि हरीण तिथेच टाकून येतो."

पुसलेली दुर्बीण तेजश्रीने काउंटरवर त्याच्यापासून लांब ठेवली.

"नुसत्या फोटोसाठीच मारायचं, तर मोठी घे ना. फोटोत उठून दिसेल."

"नको गं. मोठ्या दुर्बिणीतून त्याचे डोळे दिसतात," प्रणव म्हणाला.



दुर्बीण जवळ ओढत तो पुढे म्हणाला, "मग घरी आल्यावर वरणभातसुद्धा घशाखाली उतरत नाही."