देवचारासमोरची डुलकी

सासऱ्यांनी, आबांनी, नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि गाऱ्हाण्याला तोंड फोडलं, तेव्हा सलोनी राखणदार देवचाराच्या पाषाणाकडे बघतच नव्हती. तिचे डोळे नवऱ्याच्या छातीवर होते.

सुदेश किंजळीच्या झाडाखाली बसला होता. एक खुर्ची वाकते म्हणून एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. घरामागची एवढीशी चढण, पण धापा टाकत आला होता. बसल्या बसल्या त्याची मान कलायला लागली.

सगळा घाट त्याच्यासाठीच घातला होता. झोपेत कुणीतरी छातीवर बसतं, गळा आवळतं, असं तो स्वतःच म्हणाला होता. सासूनं, चंद्रावतीनं, लगेच निदान केलं. गेल्या वर्षी देवचाराचा कोंबडा द्यायचा राहिला, तो रागावलाय. मान दिला की झील, तिचा लेक, मोकळा. उद्या शाळा सुरू व्हायची होती. उद्यापासून सुदेश पुन्हा सहा आसनी रिक्षा घेऊन कसालच्या वाटेला लागणार होता, आणि पुढच्या सीटवर, बापाला टेकून, रिया बसणार होती.

सलोनी एकटीच जाऊन कुडाळच्या डॉक्टरांना भेटून आली होती. ते म्हणाले, मानेभोवतीच्या चरबीनं झोपेत श्वासाची वाट बुजते. श्वास थांबतो, म्हणून दिवसा पेंग येते. हा आळस नव्हे, खादाडपणाही नव्हे, आजार आहे. तपासणी आहे, झोपताना लावायचं यंत्र आहे, वजनावर उपचार आहेत. तोवर गाडी चालवू देऊ नका.

घरी तिनं हे सांगितलं तेव्हा सुदेशनं तोंड फिरवलं. मागे एका डॉक्टरानं त्याला चारचौघांत 'तोंडाला कुलूप लाव' म्हटलं होतं आणि रांगेतली माणसं हसली होती. तेव्हापासून तो दवाखान्याची पायरी चढला नव्हता. सासूचं म्हणणं तर सरळ होतं. घोरतो म्हणजे गाढ झोपतो. झोपमोड होते ती सुनेची, म्हणून हे खूळ.

श्वास थांबतो ते घरात दुसऱ्या कुणी पाहिलंच नव्हतं. कारण थांबला की सलोनी त्याला हलवायची.

"बा देवा म्हाराजा," आबांचा आवाज चढला, "आज जो काय तुका नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे, आणि माज्या झिलाच्या वाटेत जां काय आडवा इला असात, तां बारा वाटेन भायर काढ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले म्हणाले.

सुदेश घोरायला लागला होता. शेजारच्या परशुरामानं मान वळवली. "आबानू, गाऱ्हाना ऱ्हवांदे. हय बोटीचा इंजिन सुरू झाला." बायका पदराआड हसल्या. आबांनी डोळे वटारून पुढचं म्हणायला घेतलं.

इंजिन एकदम बंद पडलं.

"बगा," चंद्रावती समाधानानं म्हणाली, "देवचारान आयकल्यान. कसो शांत झालो."

सगळ्यांनी हात जोडले. सुदेशची छाती आणि पोट उलटसुलट ओढ घेत होती, आणि नाकातोंडातून काहीच येत नव्हतं. सलोनीचा हात सवयीनं त्याच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. आता हलवलं तर तो जागा होईल. माणसं देवाचे गुण गात घरी जातील. आणि उद्या कसालच्या उतारावर त्याला हलवायला कोण असेल? रिया?

तिनं तो हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं घट्ट धरून ठेवला. मी माणूस मारतेय, असं तिला वाटलं. सुदेशच्या ओठांवर जांभळट छटा चढत होती. परशुरामाचं हसू मावळलं.

"आये," ती म्हणाली. "तेच्या नाकाकडे हात धरून बगा."

चंद्रावती कुरकुरत आली. मासळी विकून खरखरीत झालेला तळहात तिनं लेकाच्या नाकाखाली धरला. धरलेलाच राहिला. मग तिनं त्याची कॉलर पकडून त्याला असं गदगदा हलवलं की खुर्च्या करकरल्या. बुडता माणूस वर यावा तसा सुदेशनं हवेचा घोट घेतला, डोळे किलकिले केले आणि घाईघाईनं म्हणाला, "व्हय म्हाराजा."

माणसं खो खो हसली. आबांनीही हसू दाबून नारळ पुन्हा कपाळाला लावला.

चंद्रावती हसली नाही. तिचा हात अजून लेकाच्या नाकाखालीच होता.

"थांबा," ती नवऱ्याला म्हणाली. "देवचार तर हय तुमच्या फुड्यात बसान तुमचा गाऱ्हाना आयकता. मगे आत्ता माज्या झिलाच्या छातयेर कोण बसलेलो?"