बिनतारखेचा राजीनामा

“इथे, इथे आणि इथे सही करा,” म्हणत मॅनेजरांनी तीन कागद पुढे सरकवले. बिस्किटांच्या कारखान्यात निर्मला गांगुर्डेचा तो पहिलाच दिवस होता. नेमणूकपत्र आणि प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म वाचून तिने सह्या केल्या. तिसऱ्या कागदावर मात्र तिचा हात थांबला.

“साहेब, हा तर राजीनामा आहे. तारीखही नाही यावर. म्हणजे हवी तेव्हा तारीख घालून तुम्ही मला काढणार?”

“इथली पद्धतच आहे ती. सगळ्यांनी सही केलीय.”

“मी कामाला लागायला आलेय, काम सोडायला नाही.”

“मग ही नोकरी विसरा!”

निर्मला केबिनमधून बाहेर पडली, पण घरी गेली नाही. जेवणाच्या सुट्टीत तिने पॅकिंगच्या बायकांना सगळं सांगितलं. आपण कशावर सही केली, हे एकीलाही माहीत नव्हतं. अकरा वर्षं काम केलेल्या सुंदराबाई पगारे डबा झाकून उठल्या आणि त्यांच्यामागे सगळ्याच उठल्या.

“आमचे कागद दाखवा. त्याशिवाय मशीन चालू होणार नाही,” सुंदराबाईंनी केबिनच्या दारातूनच सांगितलं.

बराच वेळ वाट पाहून मॅनेजरांनी शेवटी कपाट उघडलं. निर्मलाने गठ्ठा घेतला आणि वरचाच कागद मोठ्याने वाचला. “‘घरगुती अडचणींमुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.’ खाली तुमचा अंगठा आहे, सुंदराबाई.”

“माझ्या घरात कसलीही अडचण नाही,” सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाचे चार तुकडे करून मॅनेजरांच्या टेबलावर ठेवले.

निर्मलाने पुढचं नाव पुकारलं.