भरणारीला विचारून

कारखान्याच्या पडवीत इंदूबाई तायडे डबा उघडून पहिला घास घेणार, तोच मनगटावरची पट्टी बोलली, "माय, जाऊ का?"

चैतात तिनं दारू भरलेलं क्षेपणास्त्र होतं ते. भरणारीनं 'हो' म्हटल्याशिवाय उडायचं नाही, असा सरकारचा नवा कायदा.

"विचारतंय तरी!" शेजारची शेवंता हसली. "तुझ्या लेकानं लग्न करताना विचारलं होतं का?"

इंदूबाई हसली नाही. "कुठं निघालास, बाळा?"

"सीमेपलीकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यावर. तो राहिला, तर तुमचा राहणार नाही."

"काय दिसतंय रे तिथं?"

"जेवणाची सुट्टी झालीय. लिंबाखाली बाया बसल्यात. एकीचा घास हातातच आहे. मनगटावरच्या पट्टीशी बोलतेय ती."

शेवंताचं हसू विरलं. "म्हणजे, तिकडंही हाच कायदा?"

"काय बोलतेय?" इंदूबाईनं विचारलं.

"तिच्या क्षेपणास्त्राला विचारतेय, तुमच्या कारखान्यात कोण कोण दिसतंय म्हणून."

"थांब जरा, बाळा." इंदूबाई उठली, डोईवरचा पदर सारखा केला आणि पडवीतून भर उन्हात निघाली.

"अगं, कुठं चाललीस?"

"छपराखाली कशी दिसेन मी तिला?"