विहिरीच्या पायऱ्या

"काकी, तुम्ही पायऱ्या घासल्यात!" माझा आवाज चढला. दोन वर्षांपूर्वी याच जांभ्यावर मी मॉस आणि लिव्हरवर्टच्या अकरा जाती मोजल्या होत्या. जाताना, या शेवाळाला हात लावू नका, असं द्वारकाकाकींना बजावलंही होतं. आता ऐन श्रावणात दगड उघडा होता.

"देवाशपथ, बाय, काथ्या लावलेला नाही. खाडीपलीकडे कंपनी सुरू झाली, नि ते आपोआप गेलं. बरंच झालं, आता पाणी भरताना पाय घसरत नाही."

खाडीपलीकडून पिवळट धूर येत होता. मी वहीत जुन्या अकराच्या खाली शून्य लिहिलं.

काकींनी कळशीतून तांब्या भरून माझ्यापुढे धरला. "चढण चढून दमलीस, म्हणून चिडतेस. पी पोटभर. याच विहिरीचं आहे."