यापैकी नाही

वॉशिंग मशीनने कपडे झाल्याची शीळ घातली, तरी मी उठले नाही. डॉक्टरांच्या शिक्षणासाठी नवऱ्याने लिहायला घेतलेला लेख, तो वारल्यावर मीच पूर्ण केला होता. वैद्यकीय मासिकाकडे पाठवण्याआधी लेखाच्या शेवटचे बहुपर्यायी प्रश्न तेवढे नीट करायचे होते.

“सारखं काय खोडतेस गं?” टेबलाखालून लेकीने विचारलं.

“तुझ्या बाबाचं लाडकं ‘यापैकी नाही’. मासिकवाल्यांना चालत नाही. बरोबर उत्तर दिलेल्या पर्यायांतच हवं म्हणतात.”

“मग आता मी विचारते हं. बाबा कधी येणार? अ, आज. ब, उद्या. क, माझ्या वाढदिवसाला.”

पुढचं ‘यापैकी नाही’ माझ्या पेनाखाली तसंच राहिलं.

“सांग ना आई, यातलं बरोबर कुठलं?”